परकी भाषा आणि आपले म्हणणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी, पिंपळे गुरव येथे केलेले भाषण)



या प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण मजसारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक चिटणीसांनी मला दिली होती. महाविद्यालयात गेलेल्या आपल्या मुलांना इंग्रजीत शास्त्रीय पद्धतीचे लेखन कसे साधावे, हा विषय मी घेतला आहे. तो ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल, आणि ते रास्तच आहे. मी 1977 साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, दोन वर्षे अध्यापन पदविकेचा अभ्यासक्रम केला आणि शिक्षक झालो. महाविद्यालयाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. मग जो स्वतः पोहला नाही त्याने दुसऱ्याला पोहण्याचे धडे का द्यावेत? याचे उत्तर एवढेच, की काठावर उभे राहून एका मुलीला गटांगळ्या खाताना मी पाहिले आहे, आणि तिला त्या पाण्यात ढकलणाऱ्या हातांत एक हात माझ्यासारख्या शिक्षकांचाही होता, हे मला उशिरा कळले.

ती मुलगी म्हणजे माझी पुतणी. जुन्नर तालुक्यातील आमच्या गावी तिचे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. गुण चांगले मिळाले. अर्थशास्त्र घेऊन पदवी घ्यावयाची, आणि तीही इंग्रजीतून, असा तिचा हट्ट होता. पुढे मोठ्या परीक्षा द्यावयाच्या तर इंग्रजी आलेच पाहिजे, असे तिचे म्हणणे. शिक्षणासाठी ती आमच्याकडे पिंपळे गुरवला राहावयास आली. पहिली दोन वर्षे टिपणे पाठ करून निभावली. तिसऱ्या वर्षी एका विषयावर स्वतः माहिती गोळा करून तीस पानांचा प्रकल्प इंग्रजीत लिहावयाचा होता. तिने विषय घेतला आमच्याच भागातील स्त्रियांच्या बचत गटांचा. दोन महिने ती गल्लोगल्ली हिंडली, बायकांशी बोलली, वही भरून टिपणे काढली. प्रकल्प लिहून दिला आणि आठ दिवसांत तो परत आला. वर तांबड्या शाईत एकच शेरा होता. ‘हे लेखन तुझे नाही,’ अशा अर्थाचा.

शेरा खरा होता. त्या तीस पानांपैकी वीस पाने तिने ठिकठिकाणच्या पुस्तकांतून आणि संगणकावरील लेखांतून जशीच्या तशी उतरवली होती. तिचा हेतू फसविण्याचा नव्हता. तिला खरोखरच असे वाटत होते, की छापील इंग्रजी वाक्य हेच योग्य वाक्य आणि आपले वाक्य म्हणजे चूक. त्या रात्री ती जेवली नाही. मला म्हणाली, “नाना, मला नाही जमायचं. मी मराठीतूनच बी. ए. करते, नाहीतर गावी जाते.” दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाचाही दूरध्वनी आला. तो म्हणाला, “दादा, पोरीला उगीच त्रास कशाला? झेपत नसेल तर सोडू दे.”

सभाजनहो, मराठीतून पदवी घेण्यात यत्किंचितही कमीपणा नाही, हे मी आरंभीच सांगून ठेवतो. मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभियांत्रिकीसारखा विषय भारतीय भाषांतून शिकविण्यास 2021 पासून परवानगी मिळाली, आणि आपल्या पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग काढला. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आपण होऊन मराठी निवडणे वेगळे आणि इंग्रजीला भिऊन माघार घेणे वेगळे. पुतणीने माघार घेऊ नये, असे मला वाटले. मात्र तिला मदत कशी करावी हे मला ठाऊक नव्हते.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला माझे वर्ग आठवले. छत्तीस वर्षे मी मुलांना निबंध शिकविला. तो कसा? फळ्यावर ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहून द्यावयाचा, मुलांनी तो उतरवून घ्यावयाचा, पाठ करावयाचा आणि परीक्षेत पुन्हा लिहावयाचा. ज्याने शब्द न चुकता लिहिला त्याला पैकीच्या पैकी गुण. एखाद्या मुलाने आपल्या घराच्या गळक्या पत्र्याबद्दल चार वाक्ये स्वतःच्या मनाने लिहिली, तर मी त्याखाली रेघ ओढून ‘फळ्यावर आहे तसे लिही’ असे सांगत असे. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या वेळचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे हे आपल्याच पिंपरी-चिंचवडचे. तो निर्णय मराठी शाळेतील गरिबांच्या मुलांसाठी होता, आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे. परंतु मी मात्र ते इंग्रजीही त्याच रीतीने शिकविले. वाक्य फळ्यावर, वाक्य वहीत, वाक्य डोक्यात. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून लिहिणे यालाच अभ्यास म्हणतात, असे आम्ही मुलांना दहा-बारा वर्षे शिकवितो, आणि महाविद्यालयात गेल्यावर तोच अभ्यास एकाएकी चोरी ठरतो. मग मुलांनी गोंधळू नये तर काय करावे?

मुलांच्या कानावर घालावे म्हणून सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले आहेत. पदव्युत्तर आणि संशोधनाच्या प्रबंधात इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर दंड नाही. त्याहून अधिक, चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असेल तर एक वर्ष पुन्हा सादर करता येत नाही, आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. तेव्हा हा केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही.

आता इंग्रजी ही आपल्याला नवी आहे काय? मुळीच नाही. बाळशास्त्री जांभेकर हे कोकणातील पोंभुर्ल्याचे. विशीच्या सुमारास या तरुणाने 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढले, त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारी मराठी छापले जाई. ज्यांचे नाव आज आपल्या पुणे विद्यापीठाला आहे त्या सावित्रीबाई फुले यांनी 1854 साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्या भाषेला वाघिणीचे दूध म्हटले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाती धरून आपल्या पणजोबांच्या पिढीतील कित्येकांनी खेड्यात बसून इंग्रजीची ओळख करून घेतली. या सर्वांची मातृभाषा आपली होती तीच होती.

परंतु मला विशेषेकरून एक उदाहरण सांगावयाचे आहे, कारण ते थेट या विषयावरचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून 1912 साली पदवीधर झाले आणि पुढील वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. निबंध वाचावयाचा म्हणजे काय, तर आपले म्हणणे जाणकारांपुढे मांडावयाचे आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावयाचे. पुढे लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. चरित्रकार सांगतात, की परीक्षकांना तो फार झणझणीत वाटला आणि पुन्हा लिहून आणावा असे त्यांनी सुचविले. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला. भाषा बदलली, निष्कर्ष बदलला नाही. 1923 साली प्रबंध मान्य झाला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि त्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवले, की लेखकाची बहुतेक मते मला मान्य नाहीत, तरी त्याच्या विचारांतील ताजेपणा मला मोलाचा वाटतो.

या प्रसंगातून मला दोन गोष्टी समजल्या. पहिली ही, की एवढ्या थोर विद्वानाचे लेखनही परत येते. परत येणे म्हणजे नापास होणे नव्हे, तो या विद्येचा नेहमीचा रिवाज आहे. आणि दुसरी ही, की तेथे गुरूशी सहमत होण्याला किंमत नाही. आपले म्हणणे पुराव्याने उभे करण्याला आहे. हे मी पुतणीला सांगितले. ती गप्प राहिली, पण गावी जाण्याची पिशवी तिने भरली नाही.

त्यानंतर आम्ही काय केले, ते थोडक्यात सांगतो.

मी तिला तो परत आलेला प्रकल्प बाजूला ठेवावयास लावला आणि म्हटले, “तू दोन महिने हिंडलीस. काय पाहिलेस ते मला मराठीत सांग.” तिने सांगावयास आरंभ केला, “बचत गटांमुळे स्त्रियांच्या जीवनात फार मोठी क्रांती झाली आहे.” मी विचारले, “हे तुला कोणी सांगितले?” ती म्हणाली, “सगळेच म्हणतात.” मी म्हटले, “सगळे म्हणतात ते राहू दे. तुझ्या वहीत काय आहे?” तिने वही उघडली. ती वीस बायकांशी बोलली होती. त्यांपैकी बारा जणींनी गटाकडून पहिले कर्ज घेतले ते मुलांच्या शाळेच्या खर्चासाठी. चौघींनी दवाखान्यासाठी. शिवणयंत्र वा दुकान यांसाठी कर्ज घेणाऱ्या फक्त चौघी. “मग क्रांती कोठे आहे?” मी विचारले. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “नाना, क्रांती नाही. पण सावकाराकडे जावं लागलं नाही, हे खरं.” मी म्हटले, “हेच लिही. हे तुझे आहे.”

सभाजनहो, मला वाटते, शास्त्रीय लेखनाचे मर्म या संभाषणात आले. भाषा कोणतीही असो, तेथे तीन प्रश्न विचारले जातात. तू काय म्हणतोस? कशावरून म्हणतोस? आणि ते कुठपर्यंत खरे आहे? वीस बायका, तेही दोन-तीन गल्ल्यांतील. त्यावरून साऱ्या महाराष्ट्राबद्दल बोलता येणार नाही, हे तिने स्वतःहून लिहिले. तेवढ्याने तिच्या लेखाचे वजन वाढले, कमी झाले नाही.

या तिन्ही प्रश्नांची सवय आपल्या मराठीला नाही, असे कोणी समजू नये. आपण सहज म्हणतो, ‘नदीला पूर आला म्हणे.’ हे ‘म्हणे’ किती प्रामाणिक आहे! मी पाहिले नाही, ऐकले आहे, असे ते एका शब्दात सांगते. इंग्रजी लेखनात तळटीप देतात, लेखकाचे नाव आणि वर्ष देतात, ते याच ‘म्हणे’चे सविस्तर रूप होय. फरक इतकाच, की तेथे नुसते ‘म्हणे’ चालत नाही; कोण म्हणे, कोठे म्हणे, केव्हा म्हणे, हे सांगावे लागते. आपण देहू-आळंदीच्या कुशीत राहतो. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते, म्हणजे हे बोल कोणाचे याबद्दल संशय राहत नाही. तीच शिस्त. आपल्या शास्त्रग्रंथांतही आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध मताच्या माणसाचे म्हणणे, प्रामाणिकपणे मांडावयाचे, मग त्याचे उत्तर द्यावयाचे आणि अखेर सिद्धान्त सांगावयाचा, अशी रीत होती. आज महाविद्यालयातील प्राध्यापक इंग्रजी निबंधात हेच मागतात. म्हणून ही विद्या परकी आहे, हा भ्रम मुलांनी आधी मनातून काढून टाकावा. परकी आहे ती केवळ भाषा.

आता त्या भाषेकडे वळू. आपल्या मुलांच्या चुका कोठे होतात, हे मी पुतणीच्या वह्यांवरून पाहिले आणि मला आश्चर्य वाटले, कारण त्यांपैकी पुष्कळ चुका अडाणीपणाच्या नसून मराठीच्या आहेत. इंग्रजीत नामापूर्वी ‘अ’ किंवा ‘द’ लावावे लागते. मराठीत तसे काही नाही; ‘बाई आली’ म्हटले की कोणती बाई हे संदर्भावरून समजते. म्हणून आपली मुले हे शब्द एक तर गाळतात, नाही तर भीतीने सर्वत्र पेरतात. दुसरे, आपण म्हणतो ‘कर्जाविषयी चर्चा केली’, म्हणून ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ आपसूक येते; इंग्रजीत तेथे त्याची गरज नसते. तिसरे, आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे आधी सगळा पसारा मांडून मग मुद्द्यावर येण्याची आपल्याला सवय. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद जवळजवळ आणि लौकर यावयाला हवीत. एकदा का चुकीचे मूळ आपल्या भाषेत आहे असे कळले, की मुलाला लाज वाटेनाशी होते. तो म्हणतो, येथे माझी मराठी बोलते आहे, तिला जरा थांबवू.

आणि जेथे मराठी उपयोगी पडते तेथे तिला हाक मारावी. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘सीतेने पोळी खाल्ली’, हा कर्मणी प्रयोग आपले लहान मूलही न शिकता बरोबर करते. क्रियापदाला कर्माप्रमाणे फिरविते. ज्या मुलाला हे साधते त्याला इंग्रजीचे व्याकरण झेपणार नाही, असे म्हणणे हे त्याच्यावर अन्याय करणे होय.

रीतीबद्दल बोलतो. आम्ही चार नियम केले आणि ते भिंतीवर चिकटविले. पहिला: अवघड संकल्पना आधी मराठीत समजून घ्यावयाची. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्रापासून अनेक विषयांचे परिभाषाकोश काढले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आहे. त्यांत शब्दाचा अर्थ कळतो, नुसता प्रतिशब्द नव्हे. दुसरा नियम: एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि तो पहिल्याच वाक्यात. तिसरा: ‘फार’, ‘अत्यंत’, ‘मोठ्या प्रमाणावर’ हे शब्द दिसले की थांबावयाचे आणि ‘किती?’ असे विचारावयाचे. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा: पुस्तक उघडे ठेवून लिहावयाचे नाही. वाचावयाचे, मिटावयाचे, मनात काय राहिले ते लिहावयाचे, मग पुस्तक उघडून ताडून पाहावयाचे आणि लेखकाचे नाव द्यावयाचे.

हा चौथा नियम माझा नव्हे. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन हे पोरवयात छापखान्यात काम करीत. ‘स्पेक्टेटर’ नावाच्या इंग्रजी नियतकालिकातील निबंध त्यांना आवडत. ते एखाद्या निबंधातील प्रत्येक वाक्याची दोन-चार शब्दांत खूण लिहून ठेवीत, काही दिवस जाऊ देत, आणि मग त्या खुणांवरून तोच निबंध स्वतःच्या शब्दांत लिहून मुळाशी ताडून पाहत. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितले आहे. इंग्रजी ही ज्यांची जन्मभाषा त्यांनाही एवढे कष्ट पडले, तर आपण दोन महिन्यांत निराश का व्हावे? आपल्याकडे नामदार गोखले यांच्याविषयी सांगतात, की तरुणपणी त्यांनी बर्कचा ग्रंथ पाठ केला होता. परंतु पाठांतराने ते गोखले झाले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांच्या देखरेखीखाली सरकारी आकडे तपासून, मसुदे पुनःपुन्हा लिहून त्यांचा हात बसला, आणि म्हणूनच 1897 साली लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना ते उलटतपासणीला टिकले. पाठ केलेले वाक्य उलटतपासणीत उपयोगी पडत नाही.

येथे एका नव्या सोयीविषयी बोलणे प्राप्त आहे. 2022 च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ आले, आणि आता प्रश्न टाकला की यंत्र निर्दोष इंग्रजीत निबंध लिहून देते. पुतणीनेही मला ते दाखविले. मी म्हटले, “यंत्र इंग्रजी चांगले लिहीत असेल, पण त्या वीस बायकांना ते भेटले आहे काय?” व्याकरण तपासून घेण्यास, एखादे वाक्य का चुकले हे विचारण्यास त्याचा उपयोग जरूर करावा, महाविद्यालयाची परवानगी असेल तेवढाच करावा. परंतु आपल्या वतीने त्याने लिहिले तर ते माझ्या फळ्यावरच्या निबंधाचेच नवे रूप झाले. फळा अधिक हुशार झाला, मुलगा होता तेथेच राहिला.

पुतणीने प्रकल्प पुन्हा लिहिला. वाक्ये लहान होती, काही ओबडधोबड होती. तो पुन्हा परत आला, पण या वेळी शेरा वेगळा होता. प्राध्यापकांनी समासात प्रश्न विचारले होते. ‘या बायका व्याज किती देत होत्या?’, ‘गट मोडले काय?’ असे. ती ते प्रश्न घेऊन पुन्हा गल्लीत गेली. तिसऱ्या वेळी प्रकल्प स्वीकारला गेला. तिला पहिला क्रमांक मिळाला नाही. गुण मध्यमच मिळाले. तरीही त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, “नाना, सरांनी माझ्याशी वाद घातला!” आपल्या लेखनावर कोणीतरी वाद घालण्याजोगे त्यात काही होते, याचा तो आनंद होता. ती आज पुढील शिक्षण घेत आहे आणि इंग्रजी लिहिताना अद्याप चुकते. चुकलेले स्वतः शोधते, एवढा फरक पडला आहे.

ज्ञातिबंधूंनो, हा प्रश्न एका मुलीचा नाही. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागून मोटारींचे, यंत्रांचे कारखाने आले, आणि खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ येथून आपले वडील-आजोबा या पट्ट्यात आले. त्यांनी हाताच्या कसबावर घरे उभी केली. परंतु त्यांपैकी अनेकांची बढती कोठे अडली, हे आपणांस माहीत आहे. यंत्र का बंद पडले हे ज्याला कळत होते त्याला त्याचा अहवाल लिहिता येत नव्हता, आणि ज्याला अहवाल लिहिता येत होता तो साहेब झाला. माझे थोरले मेहुणे एका कारखान्यात तीस वर्षे होते. यंत्राचा आवाज ऐकून ते दोष सांगत. कागदावर मात्र तो दोष दुसऱ्याच्या सहीने जाई. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला हे सांगितले, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. आपले म्हणणे आपल्या नावाने कागदावर उतरणे, ही लहान गोष्ट नाही.

म्हणून मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली सूचना अशी, की शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत गुणपत्रिकेबरोबर एक पान स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर लिहून मागावे, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. त्यातील इंग्रजीच्या चुकांसाठी कोणालाही नाकारू नये. पान स्वतःचे आहे की नाही एवढेच पाहावे. दुसरी, दर रविवारी सकाळी या सभागृहाची एक खोली दोन तास उघडी ठेवावी. कोश, चार चांगली पुस्तके आणि एक लांब टेबल पुरे. आपल्यातील जे प्राध्यापक, अभियंते, बँकेतील अधिकारी आहेत त्यांनी पाळीपाळीने यावे आणि मुलांचे लेखन वाचून समासात प्रश्न लिहावेत. वाक्ये मात्र लिहून देऊ नयेत. सतरंजी अंथरावयास आणि चहा सांगावयास मी येईन. तिसरी सूचना आई-वडिलांस. मुलगा चुकीचे इंग्रजी बोलला किंवा लिहिला तर हसू नका, आणि शेजारच्या इंग्रजी शाळेतील मुलाशी त्याची तुलना करू नका. तुम्हांला इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. रात्री जेवताना त्याला विचारा, ‘आज काय शिकलास? कशावरून?’ हा दुसरा प्रश्न विचारावयास मॅट्रिकचीही गरज नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्या हाती जे पारितोषिक पडेल ते तुमच्या गुणांचे आहे. त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु या वर्षात केव्हातरी तुमचेही लेखन तांबड्या शाईने भरून परत येईल. त्या दिवशी निराश होऊ नका. कागद घरी आणा, समासातील प्रश्न वाचा आणि ज्याचे उत्तर तुमच्या वहीत आहे त्यापासून आरंभ करा. वहीत उत्तर नसेल तर उठून पुन्हा त्या गल्लीत जा.

माझ्या वर्गात गळक्या पत्र्याबद्दल लिहिणारा जो मुलगा होता, त्याचे नाव मला आठवते. तो आज कोठे आहे हे मला ठाऊक नाही. भेटला तर मी त्याची क्षमा मागेन. तोवर त्याच्या वाटणीचे जे थोडे माझ्याने होईल ते मी तुमच्यासाठी करावे, एवढीच इच्छा आहे.